गोष्ट एकीची, पैसा सर्वांचा

ब्रेकिंग थ्रू : माय लाइफ इन सायन्स
लेखिका : कॅटलिन कारिको
प्रकाशक : क्राउन, न्यूयॉर्क, २०२३

शास्त्रज्ञांची चरित्रे आपण शाळेत बहुधा एका ठरावीक हेतूने सांगतो. मुलांनी चिकाटी शिकावी, हा तो हेतू. मेरी क्यूरींची गळक्या छपराची शेड आणि एडिसनचे दिव्याच्या तारेसाठीचे असंख्य प्रयोग वर्षानुवर्षे परिपाठात ऐकवले जात आहेत. २०२३ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक ड्र्यू वाइसमन यांच्यासह कॅटलिन कारिको यांना मिळाले आणि या मालिकेत आणखी एका नावाची भर पडली. त्याच महिन्यात त्यांचे हे आत्मचरित्र बाजारात आले. पुस्तक वाचनीय आहे, प्रामाणिक आहे, विज्ञानशिक्षकांनी आवर्जून वाचावे असे आहे. मात्र त्यातून वर्गात कोणता धडा न्यावा, याचा विचार थोडा थांबून करायला हवा. चिकाटीचा धडा पुस्तकात आहेच. परंतु त्याच्या आड आणखी एक हकिकत दडलेली आहे. विज्ञानाला पैसा कोण देते, केव्हा देते आणि कोणत्या अटीवर देते, याची ती हकिकत. प्रस्तुत लेखकाला ती अधिक महत्त्वाची वाटते.

कारिको यांचा जन्म १९५५ सालचा. हंगेरीतील एका लहान गावात त्या वाढल्या. वडील खाटीक, घर मातीच्या भिंतींचे, घरात नळाचे पाणी नाही. हा सगळा भाग त्यांनी कोठेही कीव न मागता सांगितला आहे. वडील जनावर कापत असताना आतले अवयव न्याहाळणारी मुलगी, भाजीची बाग, सॉसेज तयार करण्याचे दिवस, या तपशिलांतून जीवशास्त्राची ओढ कशी लागली ते सहज उलगडते. पुस्तकातील उत्तम प्रकरणे कोणती, असे विचारले तर हीच सांगावी लागतील.

शिक्षकांसाठी या भागात एक खास ठेवा आहे. आल्बर्ट तोत हे त्यांचे जीवशास्त्राचे शिक्षक. त्यांनी शाळेत जीवशास्त्र मंडळ चालवले, मुलांना पाठ्यपुस्तकापलीकडचे वाचायला दिले आणि थोर शास्त्रज्ञांना पत्रे लिहायला लावली. क जीवनसत्त्वावरील कामासाठी १९३७ साली नोबेल मिळवणारे हंगेरियन शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी तेव्हा अमेरिकेत होते. पत्ता ठाऊक नसल्यामुळे मुलांनी पाकिटावर नाव आणि देश एवढेच लिहिले. पत्र पोचले आणि उत्तरही आले. तोत यांनीच मुलांची ओळख हान्स सेल्ये यांच्या ताणाविषयीच्या पुस्तकाशी करून दिली. जे आपल्या हाती नाही त्यावर शक्ती खर्चू नये, हे सेल्ये यांच्याकडून घेतलेले सूत्र कारिको यांनी आयुष्यभर सांभाळले. खेड्यातल्या शाळेतील एक शिक्षक काय करू शकतो, याचे इतके साधे आणि पटणारे उदाहरण अलीकडच्या शास्त्रज्ञ-चरित्रांत क्वचितच सापडेल.

आता विज्ञानाकडे वळू. पेशीत प्रथिने तयार करण्याची मूळ माहिती डीएनएमध्ये असते. मुख्याध्यापकांच्या कपाटातील मूळ नोंदवही म्हणजे डीएनए असे समजा. तिच्यातील हव्या तेवढ्या मजकुराची नक्कल करून शिपायाबरोबर वर्गावर पाठवली जाणारी सूचना म्हणजे संदेशवाहक आरएनए. सूचना वाचून झाली की तिचे काम संपते आणि ती फाडून टाकली जाते. पेशीतही संदेशवाहक आरएनए अल्पायुषी असतो. अशी सूचना आपणच प्रयोगशाळेत लिहून पेशीकडे धाडली, तर पेशी आपल्याला हवे ते प्रथिन तयार करील, ही कल्पना मोहक होती. अडचणी दोन होत्या. एक, आरएनएचे तुकडे करणारी एन्झाइमे सर्वत्र असतात, त्यामुळे तो फार नाजूक. दोन, बाहेरून आलेला आरएनए शरीराला विषाणूचा वाटतो आणि दाह सुरू होतो.

दुसरी अडचण कारिको आणि वाइसमन यांनी सोडवली. सर्वच आरएनए दाह निर्माण करत नाहीत, असे त्यांना आढळले. अमिनो आम्ले वाहून नेणाऱ्या आरएनएने दाह होत नव्हता. त्याच्या घटकांत पुष्कळ रासायनिक फेरफार असतात, ही गोष्ट आधीपासून माहीत होती. मग त्यांनी संदेशवाहक आरएनएतील युरिडिनच्या जागी स्यूडोयुरिडिन हा त्याचा बदललेला भाऊबंद घातला. शरीराची धोक्याची घंटा वाजेनाशी झाली. हा निबंध २००५ साली ‘इम्युनिटी’ या नियतकालिकात आला. असा आरएनए प्रथिनही अधिक तयार करतो, हे २००८ मध्ये दिसले. पुस्तकात हा शोध ज्या रीतीने सांगितला आहे, ती रीत वर्गासाठी नमुना ठरावी. आधी एक नियम मोडणारा अपवाद, मग त्या अपवादाला विचारलेला प्रश्न, आणि शेवटी उत्तर तपासणारा प्रयोग, असा तो क्रम आहे.

यानंतरचा प्रश्न पुस्तकाने मांडला आहे, पण तडीस नेलेला नाही. हे काम चालले कोणाच्या पैशावर?

सेगेद येथील संशोधन केंद्रात कारिको आरएनएवर काम करत होत्या. १९८५ साली तेथील निधी आटला आणि नोकरी गेली. देशाबाहेर पैसा नेण्यावर कडक निर्बंध होते. मोटार विकून आलेले ९०० पौंड मुलीच्या खेळण्यातल्या अस्वलात शिवून हे कुटुंब फिलाडेल्फियाला गेले. १९८९ पासून कारिको पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात होत्या. तेथे संदेशवाहक आरएनएवर आधारित उपचारांसाठी त्यांनी अनुदानाचे अर्ज केले. ते पुन्हा पुन्हा नाकारले गेले. १९९५ साली त्यांना खालच्या पदावर आणण्यात आले. एखाद्या संशोधकाने प्रयोगशाळेच्या दर चौरस फुटामागे किती डॉलर अनुदान आणले, या मापाने माणसे मोजली जात असल्याचे त्या लिहितात. हे माप वाचून आपल्याकडील निकालाच्या टक्केवारीची आठवण कोणा शिक्षकाला झाली, तर नवल नाही.

अनुदान नाही, पद नाही, तरी काम चालू राहिले. कसे? पुस्तक म्हणते, चिकाटीने. पुस्तकातील घटना मात्र आणखी काही सांगतात. आधी हृदयविकारतज्ज्ञ एलियट बार्नाथन यांनी त्यांना आपल्या प्रयोगशाळेत जागा दिली. ते १९९७ मध्ये उद्योगक्षेत्रात गेले, तेव्हा डेव्हिड लँगर या तरुण डॉक्टरांनी मेंदूशल्यचिकित्सा विभागाच्या प्रमुखांकडे शब्द टाकला आणि त्यांना तेथे ठेवून घेतले गेले. त्याच सुमारास छायाप्रती काढण्याच्या यंत्रापाशी वाइसमन भेटले. ते एचआयव्हीवरील लशीच्या शोधात होते आणि त्यांच्या कामाला सरकारी अनुदान होते. याचा अर्थ असा की, कारिको यांना ज्या व्यवस्थेने थेट पैसा नाकारला, त्याच व्यवस्थेचा पैसा सहकाऱ्यांच्या हातून त्यांच्यापर्यंत पोचत राहिला. सहकार्य हेच त्यांचे अनुदान होते. ते कोणत्याही नियमाने मिळालेले नव्हते. तीन माणसांच्या चांगुलपणावर आणि जाणकारीवर ते टिकले. लँगर यांचा शब्द मानला गेला नसता, तर केवळ चिकाटीने प्रयोगशाळा मिळाली नसती.

हा मुद्दा कारिको नाकारत नाहीत. सहकाऱ्यांविषयी त्या कृतज्ञतेने लिहितात आणि विद्यापीठीय व्यवस्थेवर टीकाही करतात. परंतु आत्मचरित्राचा साचाच असा असतो की, सगळे धागे शेवटी नायिकेच्या स्वभावाशी येऊन मिळतात. वाचकाला वाटते, खरा शास्त्रज्ञ असेल तर तो तरेलच. हे अनुमान धोक्याचे आहे. जे तरले त्यांचीच चरित्रे छापली जातात. १९९५ साली तशीच अवस्था होऊन ज्यांनी काम सोडले, त्यांच्या हाती कोणत्या कल्पना होत्या हे सांगणारे पुस्तक कधीच निघणार नाही.

दुसरी उणीव चित्राच्या रुंदीची आहे. २०२० साली आलेल्या लशीत कारिको-वाइसमन यांचा फेरफार हा अत्यावश्यक भाग होता, पण तो अनेक भागांपैकी एक होता. संदेशवाहक आरएनए अस्तित्वात आहे, हे १९६१ साली दाखवले गेले. तो प्रयोगशाळेत हवा तसा तयार करण्याची पद्धत १९८४ साली हार्वर्डमध्ये डग्लस मेल्टन आणि सहकाऱ्यांनी दिली. तो उंदराच्या स्नायूत टोचला असता प्रथिन तयार होते, हे १९९० साली विस्कॉन्सिनमध्ये दिसले. नाजूक आरएनएला पेशीत सुखरूप नेणारे मेदाचे सूक्ष्म कण कॅनडातील व्हँकुव्हर येथे पीटर कलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या दीर्घ कामातून घडले. त्यांचा पहिला मोठा उपयोग लशीत झालेला नाही. २०१८ साली मान्य झालेल्या पॅटिसिरान या आनुवंशिक मज्जाविकारावरील औषधात तो झाला. करोना विषाणूचे काटेरी प्रथिन योग्य आकारात स्थिर ठेवण्याची युक्ती अमेरिकी राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे बार्नी ग्रॅहम, जेसन मॅकलेलन आणि इतरांनी मर्स या वेगळ्याच रोगाच्या विषाणूवर शोधली आणि २०१७ साली प्रसिद्ध केली. जानेवारी २०२० मध्ये नव्या विषाणूची जनुकीय संहिता जाहीर झाली, तेव्हा हे सगळे सुटे भाग तयार होते. म्हणून त्याच वर्षीच्या मार्चमध्ये पहिल्या स्वयंसेवकाला लस टोचता आली. ‘वर्षभरात लस’ या चमत्कारामागे साठ वर्षांची तयारी होती.

या साठ वर्षांपैकी शेवटच्या टप्प्याचा हिशेब उपलब्ध आहे. ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकी सरकारने संदेशवाहक आरएनए लशींसाठी दिलेला पैसा मोजला आहे. एकूण रक्कम किमान ३१९० कोटी डॉलर. त्यापैकी २९२० कोटी लशी विकत घेण्यासाठी आणि सुमारे २२० कोटी मानवी चाचण्यांसाठी खर्च झाले. महासाथीपूर्वीच्या म्हणजे १९८५ ते २०१९ या पस्तीस वर्षांत या तंत्रज्ञानाशी थेट निगडित संशोधनाला मिळाले ते ३३.७ कोटी. एकूण खर्चाच्या जेमतेम एक टक्का! खरेदीचा खर्च आणि संशोधनाचा खर्च यांची तुलना काटेकोर नाही, हे मान्य. कोट्यवधी मात्रा विकत घ्यायच्या तर रक्कम मोठी होणारच. तरीही प्रमाण बोलके आहे. आग लागल्यावर आपण बंबासाठी हवा तेवढा पैसा मोजतो. विहीर खणण्यासाठी मात्र पै-पैचा हिशेब मागतो.

जर्मनीतही असेच घडले. कारिको २०१३ साली ज्या बायोएनटेक कंपनीत गेल्या, तिला जर्मन सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये ३७.५ कोटी युरो देऊ केले. त्या आधी मात्र संदेशवाहक आरएनएचे नाव काढले की अनुदान समित्यांच्या भुवया उंचावत असत, हे पुस्तकातून स्पष्ट होते.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. प्रत्येक हट्टी संशोधकाला पैसा द्यायचा काय? समित्यांनी नाकारलेल्या बहुतेक कल्पना खरोखरच निरुपयोगी नसतात काय? सार्वजनिक पैसा वाटणाऱ्याने पुरावा मागणे हे त्याचे कर्तव्यच आहे. पण यातून निघणारा उपाय ‘कारिको ओळखा’ असा असू शकत नाही. कोणतीही समिती १९९० साली त्यांना खात्रीने ओळखू शकली नसती. उपाय रचनेत शोधायला हवा. काही निधी प्रकल्पाऐवजी माणसाला आणि दीर्घ मुदतीसाठी द्यावा. निरनिराळ्या शाखांचे लोक एकत्र आले तर त्यासाठी वेगळा निधी असावा. हृदयरोगतज्ज्ञ, जीवरसायनशास्त्रज्ञ आणि प्रतिकारशास्त्रज्ञ यांची भेट छायाप्रतींच्या यंत्रापाशी योगायोगाने होण्यावर विसंबून राहू नये. आरएनएच्या क्षेत्राला हे विशेष लागू पडते, कारण येथे रसायन, मेदांचे भौतिकशास्त्र, विषाणुशास्त्र आणि रुग्णालय यांपैकी एकही सुटले तरी औषध होत नाही.

या दृष्टीने थॉमस चेक यांचे ‘द कॅटॅलिस्ट’ हे २०२४ सालचे पुस्तक कारिको यांच्या पुस्तकाशेजारी ठेवून वाचण्याजोगे आहे. चेक यांच्या गटाने १९८२ साली टेट्राहायमेना या गोड्या पाण्यातील एकपेशीय जीवात स्वतःचे तुकडे स्वतःच कापून जोडणारा आरएनए शोधला. एन्झाइमचे काम प्रथिनेच करतात या समजाला त्याने धक्का दिला आणि १९८९ चे रसायनशास्त्राचे नोबेल सिडनी ऑल्टमन यांच्यासह चेक यांना मिळाले. डबक्यातल्या जीवाच्या अभ्यासाला ‘याचा उपयोग काय’ असे विचारून पैसा नाकारणे किती सोपे होते! चेक यांची शैली कारिकोंइतकी जिव्हाळ्याची नाही. पण त्यांच्या पुस्तकात आरएनएचे क्षेत्र शेकडो माणसांनी विणलेल्या जाळ्यासारखे दिसते, आणि ते चित्र वस्तुस्थितीच्या अधिक जवळचे आहे.

आपल्या देशाचा या गोष्टीशी संबंध दूरचा नाही. पुण्याच्या जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्सने विकसित केलेली संदेशवाहक आरएनए लस जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापरासाठी मान्य झाली. साध्या शीतकपाटाच्या २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ती टिकते, ही तिची मोठी जमेची बाजू. अतिशीत साखळी नसलेल्या तालुक्याच्या गावी याचे मोल कळते. ओमायक्रॉन प्रकारासाठीची तिची पुढची आवृत्ती जून २०२३ मध्ये आली. जैवतंत्रज्ञान विभागाने या कामाला आर्थिक साहाय्य दिले. त्या आधी नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्राने लसविकासासाठी ९०० कोटी रुपयांचे ‘मिशन कोविड सुरक्षा’ जाहीर केले होते. प्रयत्न कौतुकास्पद होता, परंतु लस हाती आली तेव्हा देशातील लसीकरण इतर लशींनी बरेच पुढे नेले होते. येथील शास्त्रज्ञ कमी पडले, असा याचा अर्थ नाही. पैसा संकटाबरोबर आला, संकटाच्या वीस वर्षे आधी आला नाही, एवढाच अर्थ आहे. २०२०-२१ साली भारताचा संशोधन व विकासावरील एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी २०२३ साली कायदा झाला. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांचे उद्दिष्ट ठेवले गेले, आणि त्यातील मोठा वाटा सरकारबाहेरून येईल अशी अपेक्षा धरली गेली. उद्योगांचा पैसा स्वागतार्हच आहे. पण डबक्यातल्या एकपेशीय जीवासाठी तो येईल काय, हा प्रश्न उरतो.

सहकार्य ठरवून, सर्वांसाठी खुले ठेवून करता येते, याचेही उदाहरण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दक्षिण आफ्रिकेत संदेशवाहक आरएनए तंत्राचे केंद्र उभारण्याची घोषणा केली. केपटाउनच्या आफ्रिजेन कंपनीने आणि विट्वॉटर्सरँड विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी उपलब्ध माहितीच्या आधारे प्रयोगशाळेत लस तयार करून दाखवली. हे तंत्र इतर देशांतील उत्पादकांना शिकवण्याच्या या योजनेत हैदराबादची बायोलॉजिकल ई ही कंपनीही निवडली गेली.

आणि उलट दिशेचे उदाहरणही ताजे आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या आरोग्य खात्याने संदेशवाहक आरएनए लशींचे २२ प्रकल्प आणि त्यांचा सुमारे ५० कोटी डॉलरचा निधी गुंडाळत असल्याचे जाहीर केले. ज्या देशाच्या पैशावर हे शास्त्र उभे राहिले, त्याच देशाने हात आखडता घेतला. विज्ञान एकदा पुढे गेले की मागे येत नाही, अशी आपली समजूत असते. ज्ञान मागे जात नसेलही, पण प्रयोगशाळा बंद होतात, प्रशिक्षित माणसे पांगतात आणि लपलेल्या कारिकोंना आधार देणारे बार्नाथन व लँगर यांचेच अनुदान संपते.

तर हे पुस्तक वर्गात कसे न्यावे? तोत सरांचे प्रकरण जरूर सांगावे आणि शक्य झाल्यास मुलांना एखाद्या शास्त्रज्ञाला पत्र लिहायला लावावे. चिकाटीचेही सांगावे. त्यापुढे जाऊन नववी-दहावीच्या मुलांना एक काम द्यावे. फळ्याच्या मध्यभागी ‘लस’ हा शब्द लिहून ती तयार होण्यासाठी कोणकोणते शोध लागले, ते कोठे लागले आणि त्यांना पैसा कोणी दिला, याचे जाळे काढायला सांगावे. या लेखातील माहिती सुरुवातीला पुरेशी आहे. मग त्यातला एखादा धागा पुसावा, उदाहरणार्थ मेदाचे कण किंवा मर्सवरील काम, आणि लसीचे काय होईल ते विचारावे. शेवटी कारिको यांचे नाव पुसून तोच प्रश्न विचारावा. त्यांचे महत्त्व किती मोठे होते आणि त्या एकट्या का पुरेशा नव्हत्या, या दोन्ही गोष्टी मुलांना एकाच तासात कळतील.

ही मुले उद्या शास्त्रज्ञ होतील किंवा न होतील. मतदार आणि करदाते मात्र सगळीच होणार आहेत. दर चौरस फुटामागे किती डॉलर, असे विचारणारी समिती शेवटी त्यांच्याच वतीने विचारत असते. तिने कोणता प्रश्न विचारावा, हे ठरवण्याची तयारी शाळेत होऊ शकते. कारिको यांचे पुस्तक त्या तयारीसाठी उत्तम साहित्य आहे. केवळ ते एका विलक्षण बाईची गोष्ट म्हणून वाचून मिटू नये.